जवळ्यात कच्च वाजलं त्याची हकीकत

श्री दर्यादेव प्रसन्न. भरतीला साक्ष ठेवून आणि ओहोटीला साक्ष ठेवून वर्तमान लिहिले ते ऐसे जे. शके एकोणीसशे छेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, म्हणून त्या साली ज्याला त्याला राग. फाल्गुन शुद्ध षष्ठी, बुधवार, म्हणजे मासे खायचा वार. समुद्राच्या काठी एक राज्य होतं. नाव विचारू नये, सांगितलं तर तिथली माणसं भांडायला येतात. राज्य लांबीला साडेतीन कोस आणि रुंदीला एक वाट, बस. एका अंगाला सुरूचं बन, एका अंगाला दर्या, आणि मधून ती वाट. त्या वाटेने बैलगाड्या जात, आणि डोक्यावर टोपल्या घेऊन कोळणी जात, आणि शाळेची पोरं जात, आणि खेकडे तर कोणाला न विचारता आडवे जात, आणि कोणाचं कोणावाचून अडत नसे. मग एके दिवशी त्या वाटेवर राजेश्री खेमाजीराव तोडणकर, फटफटीपथकाचे सरदार, आपले सात स्वार घेऊन उतरते झाले. त्यांची फटफटी लाल, आणि चाकांना खाचा अशा की वाळूत उमटलेला माग बघून डोंगरातला वाघ रजा टाकून मामाकडे गेला. मूठ पिळली की शेजारच्या राज्यात कोंबड्या अंडं अर्धं घालून थांबत, आणि वाळू अशी उडे की मागच्या स्वाराला, धर्माजी त्याचं नाव, भर दुपारी दिवेलागण झाली वाटून तो घरी जेवायला जाई. वेग किती म्हणाल तर तो देवालाही ठाऊक नाही, कारण खाऱ्या वाऱ्याने आठही फटफट्यांचे वेगाचे काटे गंजून जागच्या जागी बसले होते. खेमाजीरावांचा काटा बारावर बसला होता. म्हणून ते कोणीही विचारलं तरी छातीवर हात ठेवून सांगत, "आम्ही बाराच्या वर कधी गेलोच नाही." खोटं तरी कसं म्हणावं, काटा दाखवीत असत.

आता त्या वाटेच्या कडेने कोळणी जुनी जाळी अंथरून जवळा वाळत घालीत. जवळा म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी कोलंबी, वाळली की तिची चटणी अशी होते की भाकरी स्वतःहून ताटात येते. आणि फटफट्या गेल्या की वाळू उडे, आणि उडालेली वाळू दुसरीकडे कुठे न जाता नेमकी जवळ्यात बसे. कोळणी ओरडत, पण शिरस्त्राणाच्या आत कोणाला काय ऐकू येणार. मग त्या बुधवारी महाराज जेवायला बसले आणि कांदा-जवळ्याचा पहिला घास घेतला आणि कच्च वाजलं. साधंसुधं नाही वाजलं. वेशीपर्यंत ऐकू गेलं, आणि घंटा झाली समजून शाळा सुटली ती त्या दिवशी परत भरलीच नाही. महाराजांनी दुसरा घास घेतला, पुन्हा कच्च. तिसऱ्याला महाराज ताटावरून उठले, आणि ज्या राज्यात राजा जवळ्यावरून उठतो तिथे काय शिल्लक राहिलं, असं म्हणून राणीसाहेबांनी डोळ्यांना पदर लावला. मग प्रधानजींना बोलावणं गेलं आणि हुकूम सुटला तो असा, की उद्यापासून वाटेवर फटफटी दिसली तर ती किल्ल्यात जमा करावी आणि तिच्या सीटवर कोंबड्या बसवाव्या.

हे वर्तमान खेमाजीरावांना कळलं तेव्हा त्यांच्या हातातला चहा हातातच थंड झाला. कारण सांगायचं तर त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. जाळं फेकलं तर गुंतत, होडीत बसले तर उलटी होई, आणि घरात बसले तर बायको कामं सांगे. सकाळच्या ओहोटीला त्या वाटेवर चाक लावलं, एका बाजूने वारा आणि एका बाजूने सुरूचा वास आला, की मग आपणही कोणी आहोत असं त्यांना वाटे. ती वाट गेली तर खेमाजीराव कोण? डोक्यावर टोप घातलेला एक माणूस. म्हणून ते दरबारात गेले आणि हात जोडून उभे राहिले, आणि त्यांच्यामागे सातही स्वार अंगाला अंग लावून उभे राहिले.

प्रधानजी म्हणाले, "महाराज, बंदीपेक्षा पाटी लावू. ताशी पंधरा. त्यावर जाईल तो गुन्हेगार."

खेमाजीराव लगेच म्हणाले, "आम्हाला कबूल. आम्ही बाराने जातो."

तशी दरबारात बसलेल्या कोळणी एवढ्या हसल्या की महाराजांना हसू आवरायला मिशीवर हात ठेवावा लागला. मग त्यांच्यातली चांगुणाबाय पुढे आली. चांगुणाबायचं वय सत्तर, तोंडात स्वतःचे दात तीन, पण त्यातला मधला असा जागरूक की सोनार कसोटीवर सोनं पारखतो तशी ती दातावर वाळू पारखी. आणि ती म्हणाली, "म्हाराज, बंदी नको. बंदी घातली तर ही पोरं चोरून येतील, आणि चोर कधी हळू जात नाय. पाटी बी नको. ह्यांचे काटे मेलेले हायत, मेलेल्याला पाटी कोण वाचून दावणार? वेग काट्यावर नाय कळत, जवळ्यात कळतो. वाटेच्या दोन्ही अंगाला सात जागी जवळा घालते. हा खेमा या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ दे. मागनं मी चावून बघते. कच्च नाय वाजलं तर वाट त्यांची बी."

"आणि वाजलं तर?" महाराजांनी विचारलं.

"तर कोंबड्या तयार हायत," चांगुणाबाय म्हणाली.

आणखी दोन कलमं तिने वर घातली. वाट सोडून टेकाडावरच्या मर्यादवेलीवर चाक घालायचं नाही, कारण ती वेल सुटली की वाळू सुटते आणि मग घरात भात वाढायच्या आधी फावड्याने ताट शोधावं लागतं. आणि समोर बैल आला तर यंत्र बंद करून उभं राहायचं, कारण वाट आधी बैलाची आहे. खेमाजीरावांनी सगळं मान्य केलं, कारण दुसरा इलाज नव्हता.

मग दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला सगळं राज्य वाटेवर लोटलं. महाराज त्या टोकाला मांडव घालून बसले, आणि खेमाजीराव या टोकाहून निघाले. हळू जाणं म्हणजे काय हे त्यांना आईने शिकवलं होतं, पण फटफटीने विसरायला लावलं होतं. फटफटी गुरगुरे, हात शिवशिवे, आणि ते मनातल्या मनात रामरक्षा म्हणत. पहिल्या जवळ्यापाशी एक कोळीण टोपली घेऊन त्यांच्या बरोबरीने चालू लागली आणि म्हणाली, "काय सरदार, पंक्चर झाली काय? ढकलू का?" तिने थोडा वेळ सोबत केली आणि मग कंटाळून पुढे निघून गेली. तिसऱ्या जवळ्यापाशी एक खेकडा त्यांना मागे टाकून गेला, आणि जाताना त्याने थांबून वळून बघितलं असं लोक शपथेवर सांगतात. कडेला उभ्या धर्माजीने लाजेने शिरस्त्राणाची काच खाली ओढली. मग समोरून बैलगाडी आली. खेमाजीराव यंत्र बंद करून उभे राहिले, आणि बैलही उभा राहिला, आणि त्याने त्यांचं शिरस्त्राण पुढून मागून चाटून लख्ख केलं, आणि गाडीवान म्हणाला, "बैलाला तुमी आवडला, सरदार. येता जाता भेटत चला." हे सगळं खेमाजीरावांनी सोसलं. पण सहाव्या जवळ्याच्या पुढे केवड्याचं बन लागतं आणि वाट वळते, आणि त्या वळणावर ना मागचे दिसतात ना पुढचे. तिथे एक कोंबडी निघाली. आधी ती मागून आली, मग बरोबरीने चालली, मग मान पुढे काढून पुढे गेली. किल्ल्यात सीटवर बसायची तीच असेल, असं खेमाजीरावांच्या मनात आलं, आणि मनगट आपोआप वळलं. एकदा राम म्हणायला लागतो तेवढाच वेळ. कोंबडी झाडावर गेली आणि वाळू चार बोटं उडाली आणि कडेच्या सातव्या जवळ्यावर बसली. खेमाजीरावांनी मूठ सैल सोडली, ते पुन्हा रांगत रांगत निघाले आणि टोकाला पोचले.

मग चांगुणाबाय मागून सगळ्या वाटेने चिमूट चिमूट जवळा चावत आली, आणि तिच्यामागून सगळं राज्य कान टवकारून आलं. एक साफ. दुसरा साफ. सहापर्यंत साफ, आणि सात स्वारांनी एकमेकांच्या पाठी थोपटायला सुरुवात केली. खेमाजीराव मांडवातून उठून पुढे गेले होते ते केवड्यापाशी तिच्या समोरच उभे. तिने चिमूट तोंडात टाकली आणि जबडा हलला आणि थांबला. आवाज एवढासाच, पण खेमाजीरावांना तो महाराजांच्या घासाएवढा मोठा वाटला. चांगुणाबायने त्यांच्याकडे बघितलं, आणि डोळ्यांत पाणी येईतो गिळलं, आणि म्हणाली, "साफ."

झालं. स्वार नाचायला लागले आणि धर्माजीने शिरस्त्राण वर फेकलं ते सुरूवर अडकलं. वाट मिळाली होती, गप्प बसलं की काम फत्ते. पण तिने गिळलेला तो कण खेमाजीरावांच्या घशात अडकला, तिच्या नाही. ते महाराजांपुढे जाऊन म्हणाले, "महाराज, केवड्याच्या वळणावर मी मूठ पिळली. एकदा राम म्हणेपर्यंत."

"सरदार," धर्माजी कळवळून म्हणाला, "हात आवरला नाही तो नाही, जीभ तरी आवरायची."

चांगुणाबाय म्हणाली, "पिळलीच होती. कच्च वाजलं माज्या दाताखाली. म्हटलं, बघू हा बोलतो का. नसता बोलला तर मीच बोलणार होते, आणि मग कोंबड्यांना आवरणं कठीण होतं."

मग महाराजांनी निवाडा केला तो असा, की वाट सातही स्वारांना मोकळी, चांगुणाबायच्या दाताला मानवेल त्या चालीने. आणि खेमाजीरावांची फटफटी चाळीस दिवस उभी, आणि खेमाजीरावांनी ते चाळीस दिवस कोळणींत बसून जवळ्यातली वाळू निवडावी.

मग खेमाजीराव सूप घेऊन उन्हात बसते झाले. पहिल्या दिवशी कोळणींनी त्यांना जुन्या लुगड्याचा पदर दिला, ऊन लागेल म्हणून, आणि तो डोक्यावरून घेतल्यावर एवढ्या हसल्या की पाखरं उडाली. तिसऱ्या दिवशी पाठ वाकली. पाचव्या दिवशी डोळ्यांपुढे भिंतीही जवळ्याच्या दिसू लागल्या. आठव्या दिवशी तर असं झालं की अर्ध्या कोसावर फटफटी सुरू झाली तरी खेमाजीराव सुपावर आडवे पडून जवळा झाकीत, आणि चांगुणाबाय म्हणे, "खेमा, ती दुसऱ्या राज्यात हाय रे, ऊठ." मग दहाव्या दिवशी धर्माजी वाटेने आला. तसा तो हळूच होता, पण जवळ्यापाशी येता येता त्याला शिंक आली आणि मूठ कणभर वळली. कणभर वाळू उडाली. खेमाजीराव खराटा घेऊन उठले आणि धावले. ते धावणं असं की बघणाऱ्यांना आधी खराटा दिसला आणि माणूस मागाहून दिसला. धर्माजीने घाबरून मूठ आणखी पिळली, तरी सरदार पुढे जाऊन, वळून, वाटेत उभे.

"उतर खाली," खेमाजीराव म्हणाले. "हा मूठभर घे. चाव."

"सरदार, मी तुमचाच माणूस ना?"

"माझाच आहेस म्हणून चाव. आणि हळू चाव."

धर्माजीने चावलं आणि कच्च वाजलं, आणि तो रडवेला झाला. पण घरी न जाता तो थेट दरबारात गेला आणि फिर्याद केली, की सरदार स्वतः वाटेवरून वेगाची मर्यादा मोडून पळाले, आणि त्यांच्या टाचांनी जी वाळू उडाली ती फटफटीनेही कधी उडाली नाही. मग चांगुणाबायला बोलावणं गेलं, आणि तिने खेमाजीराव जिथून जिथून धावले तिथला जवळा चावून बघितला, आणि थुंकली, आणि म्हणाली, "म्हाराज, न्याय तो न्याय." आणि खेमाजीरावांचे चाळीसाचे पन्नास झाले.

येणेप्रमाणे त्या राज्यात फटफटी, बैल, कोळीण आणि खेकडा एका वाटेने नांदते झाले, आणि जवळा साफ राहिला, आणि महाराजांनी पुन्हा कधी ताट सोडलं नाही. झालं ते लिहिलं. ज्यास खोटं वाटेल त्याने जाऊन चिमूटभर चावून बघावं.