बोंबलाच्या तोंडातला निवडुंग

मुलांनो, समुद्रकाठच्या दांडी गावातल्या एका घराची ओटी डोळ्यांसमोर आणा. छपराला टांगलेला डालड्याचा डबा आणि त्यातून उंदरांच्या शेपटांसारख्या लोंबणाऱ्या हिरव्या फांद्या. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हाची ही गोष्ट. निवडुंग नलूचा. चैत्रात त्याला गुलाबी फुलं लागत आणि अख्खी आळी बघायला येई. पण तिच्या आजीने, रंभाबाईने, मायेपोटी त्याला तुळशीसारखं रोज पाणी घातलं. निवडुंग मुळापासून कुजला. एकच फांदी धड उरली.

नलूने ती कापली. "आजी, गुरुजी सांगतात, लगेच पुरायची नाय. कापलेलं टोक आधी सावलीत सुकवायचं."

"सावलीत?" रंभाबाईचं डोकं तापलं. "जन्म गेला माझा सुकवण्यात. तुज्या गुरुजीनं एक बोंबील तरी सुकवलाय काय?"

नलू शाळेत गेल्यावर तिने फांदी उचलली आणि थेट उन्हातल्या दोरीकडे गेली. बोंबील दोरीवर जोडीने लटकतात, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात. निवडुंगाला जबडा नाही. मग तिने फांदी एका बोंबलाच्या तोंडात घट्ट खोचली.

दुसऱ्या दिवशी उमरोळी गावात सुके बोंबील विकायला जायच्या घाईत तिने दोरीवरचे बोंबील ओरबाडून पाटीत भरले. माशांच्या काट्यांनी घट्टे पडलेल्या हातांना निवडुंगाची कुसळं काय कळणार? उमरोळीच्या रखमाबाईने शेरभर तांदूळ देऊन ते बोंबील घेतले.

संध्याकाळी रिकामी दोरी बघून फांदीही बोंबलांबरोबर विकली गेल्याचं नलूला कळलं. ती रडली नाही. आजीशी बोलायचीच बंद झाली, आणि ते जास्त वाईट होतं.

उमरोळीची पुढची फेरी महिन्याने झाली. या वेळी फांदी शोधायला नलूही सोबत होती. रखमाबाई दारातच कंबरेवर हात ठेवून उभी.

"ये मावशी, तुजीच वाट बगत व्हते. बोंबलाच्या तोंडात काय कोंबलंस? आमच्या मालकांच्या बोटात कुसळं घुसली. दोन दिवस जेवण मीच भरवलं."

"कुठं हाय ती फांदी?"

"फेकली गोठ्यामागं."

नलू धावली. गोठ्याच्या सावलीत, भुसभुशीत मातीत, फांदीने मुळं धरली होती. शेंड्याला कोवळा हिरवा रंग आला होता.

"आमची हाय ती," रंभाबाई म्हणाली.

रखमाबाईचा सूर पालटला. "तुमची कशी? शेरभर तांदूळ मोजलेत मी."

"ते बोंबलाचे."

"मंग बोंबलाच्या पोटात अंड्यांची गाबोळी निघाली तर ती परत मागतेस काय?"

"मंग कुसळं पण तुजीच. मालकाला सांग, बोटातली काढू नको, इकत घेतलीत."

दोघींचा आवाज चढत गेला. गोठ्यातली म्हैसही मान वळवून बघू लागली. तेवढ्यात कट्टकन आवाज आला. नलूने फांदी मधोमध मोडली होती.

"मोडलीस?" दोघी एकदम तिच्यावर ओरडल्या. इतका वेळ भांडणाऱ्या बायकांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

"मुळावाला तुकडा तुमचा, काकी. त्याला रोज पाणी नको," नलू म्हणाली. "हा आमचा. सावलीत सुकवला की ह्याला पण मुळं फुटतील."

रंभाबाईने हात पुढे केला. नलूने तिच्या हातावर तुकडा ठेवला नाही. तिने तो रिकाम्या पाटीत ठेवला, वर आपला रुमाल पसरला आणि पाटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन आजीच्या पुढे चालू लागली.