नाकामा मावशींचा मॅरेथॉन-वीर

"पोहायचं, मग सायकलने अख्खं बेट फिरायचं, वर मॅरेथॉन पळायची! ती काय मोठी गोष्ट आहे?" होनोलुलूच्या गोदीतला वेल्डर क्लॅरेन्स मेदेरोस छाती फुगवून सगळ्यांना सांगत सुटला होता.

खरी पंचाईत वेगळीच होती. ही शर्यत नवीकोरी, भाग घेणारे मूठभर वेडे, आणि नियम असा की ज्याने त्याने आपला मदतनीस गाडीसकट आपणच आणायचा. क्लॅरेन्सची बायको वसंतातच माहेरी निघून गेली होती. भावाने फोन ठेवून दिला. शेवटी त्याने कुंपणापलीकडच्या नाकामा मावशींना गळ घातली.

"येते की!" मावशी म्हणाल्या. "भाताचे गोळे करून आणते."

"मावशी, चष्मा आणा हं."

"गाडी चालवायला चष्मा कशाला? रस्ता काय पळून जातोय?"

क्लॅरेन्स पाण्याबाहेर आला तेव्हा किनाऱ्यावर मावशी नव्हत्या, गाडीही नव्हती! तो तसाच सायकलवर बसला. वाटेत लोकांच्या बागेतल्या नळ्यांचं पाणी प्यायला. एकाने कुत्रा सोडला. त्या कुत्र्याने मात्र बराच वेळ सोबत केली. तोही वळून घरी गेला तेव्हा क्लॅरेन्सला रडूच कोसळलं.

मॅरेथॉनही पळून दिवेलागणीला तो लटपटत शर्यत संपायची त्या बागेत पोहोचला आणि गवतावर कोसळला. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. पलीकडे मावशी एका मिशीवाल्या सडपातळ माणसाला टॉवेलने खसाखसा पुसत होत्या.

"हा कोण रे पडलाय?" त्यांनी मिशीवाल्याला विचारलं. "अरेरे, ह्याचं कुणीच आलं नाही का?"

"मावशी..." क्लॅरेन्स पुटपुटला.

"घे बाबा, एक गोळा उरलाय, खा. माझा क्लॅरेन्सही असाच एकटा. रोज रात्री कुंपणापलीकडून एकच ताटली घासल्याचा आवाज येतो. म्हणून तर आले, नाहीतर या वयात सायकलीमागे कोण फिरतंय!"

क्लॅरेन्स हातातला गोळा तसाच धरून उठून बसला.

"मावशी, क्लॅरेन्स मीच!"

मावशी वाकल्या. डोळे बारीक करून त्यांनी त्याचं नाक न्याहाळलं. मग मिशीवाल्याकडे गर्रकन वळल्या. "मग तू कोण रे मेल्या?"

"वेंडेल," तो ओशाळून म्हणाला. "माझंही कुणी आलं नव्हतं. आणि मी सकाळपासून सांगत होतो, पण तुम्ही म्हणालात, भरल्या तोंडी बोलू नये!"

"दोघांनी मिळून म्हातारीला फसवलंत! चला, बसा गाडीत!"

क्लॅरेन्स लंगडत गाडीपर्यंत पोहोचला. पुढच्या सीटवर वेंडेल कधीच घोरायला लागला होता.