रेष वर गेली पाहिजे

जन्मलेल्या मुलाचं आधी वजन विचारतात आणि गेलेल्या माणसाचं आधी वय. म्हणजे दोन्ही टोकांना आकडाच. मधल्या काळातले आकडे सांभाळायला कोणी शिकलेला माणूस हवा, हे समाजाच्या जरा उशिराच लक्षात आलं, आणि तोवर माझा भाचा मॅनेजमेंटची पदवी घेऊन घरी बसलेला होता.

मॅनेजमेंट ही थोर विद्या आहे. ती शिकलेल्याला कुठलंच काम येत नाही, त्यामुळे तो कुठल्याही कामावर देखरेख करू शकतो. (काम येणारा मध्येच हात घालतो आणि देखरेख बिघडते.) अडचण एवढीच, की देखरेखीला माणसं लागतात. घरात त्याच्याखेरीज माणसं दोन : भावोजी आणि माझी ताई. भावोजींवर ताईची देखरेख लग्नापासूनच होती, आणि ताईवर देखरेख करण्याचा अभ्यासक्रम अजून कुठल्या विद्यापीठाने काढलेला नाही. तरी पोराने एकदा स्वयंपाकघरात उभं राहून 'प्रक्रियेतला अडथळा' शोधला.

"अडथळा तूच आहेस," ताई म्हणाली, "सरक."

मग त्याने डेटा ॲनालिसिसचा कोर्स केला. तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की ऐंशी टक्के कंपन्यांकडे माहितीचे ढीग पडून असतात आणि उरलेल्या वीस टक्क्यांना आपण ढिगावर बसलोय हे माहीत नसतं. हा आकडा कुठून आला, असं भाच्याने विचारलं. सर म्हणाले, "असेच प्रश्न विचारत जा," आणि पुढच्या धड्याकडे वळले.

कोर्स संपला आणि खुर्च्या बनवणाऱ्या एका कंपनीत तो चिकटला. तात्पुरता. कायम करायचं की नाही, ते पहिल्या तिमाही बैठकीत ठरणार होतं.

या बैठकीची पद्धत अत्यंत शास्त्रीय होती. भिंतीवर आलेख लावत. मोठे साहेब दारातूनच त्याच्याकडे बघत. रेष वर गेलेली असली तर ते बसत. खाली आलेली असली तर उभ्यानेच कोणाला तरी कामावरून काढत. (भाच्याची जागा अशीच रिकामी झाली होती.) रेष कशाची, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मोठ्या माणसाने तपशिलात शिरू नये हे भाचा पदवीला शिकलाच होता, पण प्रत्यक्ष पाहून त्याला भरून आलं.

त्याने विभागप्रमुख बाईंना विचारलं, "मॅडम, खरं दाखवायचं, की वर जाणारं?"

"खरंच दाखवायचं रे. आपण खोटं काम करत नाही," बाई म्हणाल्या. "फक्त खऱ्यातलं वर जाणारं शोधायचं. त्यालाच तर ॲनालिसिस म्हणतात."

भाचा शोधायला लागला. विक्री खाली. नफा खाली. कामगारांची हजेरी खाली. कॅन्टीनच्या चहाचा रंगसुद्धा महिन्यागणिक उतरत चाललेला. सगळ्या कंपनीत एकच गोष्ट जोमाने वाढत होती : ग्राहकांच्या तक्रारी. त्याने तीच रेष काढली आणि वर मथळा दिला, 'ग्राहकांचा वाढता संवाद'.

साहेब दारात थांबले. बघितलं. बसले. (दुसऱ्या कंपनीच्या खुर्चीवर.)

"लोक आपल्याशी बोलायला लागलेत," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला दुप्पट बोलले पाहिजेत."

भाचा कायम झाला. ताईने ही बातमी शेजारी सांगितली, मग त्यांच्या शेजारी, मग ज्यांना आधी सांगितली होती त्यांना पुन्हा.

दुप्पट बोलणं नुसतं म्हणून होत नाही, त्याला उत्पादनाची साथ लागते. कारखान्यातल्या मिस्त्रींना बोलावणं गेलं. त्यांनी टाळाटाळ केली नाही.

"पाय किती हलवायचा तेवढं सांगा," ते म्हणाले. "जास्त सैल केला तर गिऱ्हाईक पडतं. पडलेला माणूस डॉक्टरकडे जातो, आपल्याकडे येत नाही."

लगेच समिती नेमण्यात आली. समितीने ठरवलं, की खुर्ची मोडू नये. एकटं असताना गप्प राहावी आणि पाहुणे आले की कुरकुरावी. फळ ताबडतोब मिळालं. 'डुगडुगते' सेहेचाळीस टक्के, 'कुरकुरते' एकतीस, 'कपडे फाडते' बावीस. उरलेल्या एक टक्क्याने 'छान आहे' असं कळवलं. त्यांची नोंद 'टोमणे' या सदराखाली झाली.

तक्रार विभागाला अख्खा मजला मिळाला. रंधा मारणारे हात फोन उचलायला लागले. मात्र खुर्च्याच कमी खपायला लागल्यामुळे तक्रारीही घटल्या, आणि रेष मान टाकणार असं दिसताच भाच्याने दुसरा शोध लावला : तक्रारी मोजायच्या नाहीत, त्यांचं प्रमाण मोजायचं. विकलेल्या दर शंभर खुर्च्यांमागे किती जण चिडले? आता विक्री जितकी पडेल तितकी रेष चढत होती. साहेब बसले ते उठेचनात. भाच्याला काचेची केबिन मिळाली.

पुढच्या तिमाहीत कंपनीची एकच खुर्ची खपली.

शास्त्राच्या दृष्टीने ही आदर्श अवस्था. त्या एका गिऱ्हाइकाने एक फोन केला, की शंभर टक्के. रेष थेट छताला. नाही केला तर शून्य. रेष जमिनीवर आणि तिच्याखाली भाचा. त्याने घाईघाईने गिऱ्हाइकाचं नाव काढलं.

ती खुर्ची ताईने घेतली होती. पोराच्या कंपनीची म्हणून, कौतुकाने, कोणाला न सांगता.

भाचा निर्धास्त झाला. ताईने आजवर हवेची, डॉक्टरांची, शिंप्याची, दोन्हीकडच्या नातेवाइकांची तक्रार केलेली आहे. (माझी तिने माझ्याच लग्नात, माईकवरून केली होती.) असं गिऱ्हाईक भाग्याने मिळतं. बैठकीच्या सकाळी त्याने फोन लावून तिच्या हातात दिला.

"आई, खुर्ची कशी आहे ते सांग त्यांना."

"छान आहे हो," ताई फोनमध्ये म्हणाली आणि तो ठेवून दिला.

"अगं, डुगडुगत नाही?"

"जराशी."

"कुरकुरते ना?"

"तुझ्या बाबांपेक्षा कमी."

"आई, एक तक्रार कर गं. माझी नोकरी आहे."

"म्हणूनच नाही करायची. पोटच्या पोराच्या कंपनीला नावं ठेवू? एवढी पण मी ही नाही."

भावोजी म्हणाले, "मी करतो फोन." ताईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग भाच्याने मला बोलावलं. मी म्हटलं, "ताई, खुर्ची टाकाऊ आहे." ती म्हणाली, "तुला बसायला कोणी सांगितलं?" एवढं बोलून ती उठली, खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्याची चौघडी घालून पायाखाली सारली आणि बसून दाखवलं.

"बघ. संपलं. एवढ्यासाठी फोन कशाला?"

साहेब त्या दिवशी उभेच राहिले.

जाण्याआधी भाच्याने शेवटचा अहवाल दिला. कंपनी वाईट खुर्च्यांमुळे बुडाली नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. ती पुठ्ठ्यामुळे बुडाली. दहातल्या नऊ घरांत कुठल्या ना कुठल्या पायाखाली एक घडी असते, आणि त्या नऊ घरांतलं एकही फोन करत नाही.

तुम्ही आत्ता वाकून खाली बघू नका. आहे, तुम्हाला माहीत आहे. एक फोन केला असतात तर एका शिकलेल्या पोराचं आयुष्य मार्गी लागलं असतं. पण तुम्ही कसले करताय. मागे पुन्हा डुगडुगायला लागली, तेव्हा घडी जरा जाड केलीत आणि बसलात वाचत.