वयाला शोभेल असा चेहरा

साल दोन हजार अठरा. त्या वर्षी माझ्या भाच्याचे वय छत्तीस होते आणि त्याच्या चेहऱ्याचे सतरा.

घरात सगळे त्याला बाळ म्हणत. तो दातांचा डॉक्टर होता. स्वतःचा दवाखाना होता, दारावर पाटी होती, तरी खुर्चीतला रुग्ण त्याच्याकडे बघून हमखास विचारी, "डॉक्टर कधी येणार?" "मीच डॉक्टर," असे त्याने म्हटले की रुग्ण तोंड मिटून घेई. दातांच्या डॉक्टरसमोर रुग्णांनी तोंड मिटले की धंदा कसा चालायचा?

लग्नाचे त्याहून अवघड होते. ओळखीतल्या मुली त्याला भेटायला येत आणि गालगुच्चा घेऊन परत जात. शेवटी त्याने एका ॲपवर नाव घातले, खिडकीत उभा राहून स्वतःचा हसरा फोटो काढला आणि पाठवला. चहा निवायच्या आत उत्तर आले: "कृपया आपल्या पाल्याचे छायाचित्र टाकू नये."

बाळने वयाचा पुरावा पाठवला. ॲपने तोही तत्परतेने तपासला. "कागदपत्रे ग्राह्य धरण्यात आली आहेत. सदर व्यक्ती छत्तीस वर्षांची आहे. मात्र छायाचित्रातील व्यक्ती ती नाही. घोषित वय व दृश्य वय यांत पाच वर्षांहून अधिक तफावत नसावी."

म्हणून तो माझ्या स्टुडिओत आला. न्यायालयामागच्या गल्लीत चाळीस वर्षे मी फोटो काढत होते आणि आलेल्या प्रत्येकाचे मागणे एकच असे: जरा बरा काढा. बरा म्हणजे तरुण. म्हातारा काढा म्हणणारा बाळ पहिलाच.

"किती म्हातारा?" मी विचारले.

"फार नको गं आत्या. कमीत कमी एकतीस."

एरवी जे जे टाळायचे ते सगळे मी केले. दिवा थेट डोक्यावर लावला, म्हणजे डोळ्यांखाली सावली पडते. उजेड मऊ करणारा पांढरा पडदा काढून टाकला, म्हणजे गाल बसलेले दिसतात. बरोबर आलेल्या त्याच्या आईने, म्हणजे माझ्या वहिनीने, दादाचा जाड चष्मा त्याच्या नाकावर चढवला आणि काजळकांडीने ओठांवर मिशी काढली. फोटो पाठवताच ॲपच्या वय ओळखणाऱ्या यंत्राने निकाल दिला: "एकोणीस. नाटकातील वेशभूषा स्वीकारली जात नाही."

"चेहऱ्यावर काळजी हवी, काळजी," वहिनी म्हणाली. "याला कसली आलीय काळजी? दोन वेळचं आयतं गिळतोय."

"मग दे की तू," बाळ म्हणाला.

वहिनीला एवढे निमंत्रण पुरले. बरोबरीच्या मुलांची पोरे शाळेत जाऊ लागली, दादाचा रक्तदाब वाढला, माझे डोळे मिटले की तुला पाणी कोण विचारणार, असे तिने एका दमात सुरू केले. मी फोटो काढत राहिले. पण आईच्या तोंडून हे ऐकताना बाळ आणखीच लहान दिसू लागला. यंत्राने सोळा सांगितले.

आता राहिला अपिलाचा मार्ग. बाळने ॲपच्या मदत-क्रमांकावर फोन लावला. "आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे," एक गोड आवाज म्हणाला आणि बासरी वाजू लागली. बाळ स्टुलावरच बसून राहिला. दिवे विझवायचे माझ्या लक्षात राहिले नाही. वहिनी भाजी आणायला गेली, भाजी घेऊन आली, निवडून झाली. बासरी चालूच होती. मधूनच गोड आवाज त्याला त्याचे मोल सांगून जाई.

मी मान वर करून पाहिले, तर स्टुलावर दुसराच माणूस बसला होता. खांदे पडलेले, कपाळावर आठी, डोळ्यांत सगळे समजून चुकल्याची शांतता. मी गुपचूप कळ दाबली.

"एक्केचाळीस," यंत्राने जाहीर केले. तफावत बरोबर पाच वर्षे. फोटोखाली हिरवी खूण उमटली: "अस्सल चेहरा."

त्यानंतर निरोपांची रीघ लागली. त्यांतला एक, भूल देणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंचा, बाळने मला वाचून दाखवला. "तुमच्या चेहऱ्यावर सोसल्याच्या खुणा आहेत. हल्ली असं बघायला मिळत नाही." बाळने कळवले, मी दातांचा डॉक्टर, लोक माझ्यासमोर तोंड उघडतात. तिने उत्तर दिले, "आणि माझ्यासमोर डोळे मिटतात. आपलं जमेल." वय तिने चाळीस लिहिले होते. फोटोतही ती पस्तिशीच्या आत दिसत नव्हती. म्हणजे नियमात होती.

दोघांचे बोलणे वाढत गेले तसा बाळचा चेहरा उतरत गेला.

"आत्या, मला ती फार आवडलीय. पण तिचं सगळं बोलणं त्या फोटोतल्या माणसाशी चाललंय."

"मग खरं सांगून टाक."

"सांगितलं आणि ती बोलायचीच थांबली तर?"

"आणि भेटल्यावर काय करशील? बासरी लावून बसशील?"

शेवटी एका कॉफीच्या दुकानात भेट ठरली. पुढचे त्याने सांगितले तसे सांगते. तो वेळेवर गेला. फोटोतली बाई कुठेच नव्हती, म्हणून रिकामे टेबल धरून बसला. "मी पोचलोय," त्याने कळवले. "मीही," उत्तर आले. "मला दिसत नाही." "मलाही." असे बराच वेळ चालले. शेजारच्या टेबलावर एक बाई दाराकडे डोळे लावून बसल्या होत्या. केस कानशिलांवर पांढरे, चेहरा रात्रपाळी केल्यासारखा. त्यांनी मध्येच वळून बाळला सांगितले, "बाळा, जरा तो पंखा कमी करायला सांग रे." बाळने सांगितले.

शेवटी दुकानाचा मालक आला आणि त्या बाईंना अदबीने म्हणाला, "ताई, हा मुलगा मघापासून एकटाच बसलाय. तुमचाच का?"

"माझं लग्नसुद्धा झालेलं नाही हो!" बाई कडाडल्या. घाबरून बाळच्या हातून निरोप सुटला आणि बाईंचा फोन वाजला. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग फोनकडे. मग पुन्हा एकमेकांकडे.

"तुझा फोटो कुणी काढला?" तिने विचारले.

"माझ्या आत्याने. न्यायालयामागच्या गल्लीत स्टुडिओ आहे तिचा. तुमचा?"

"फोनने. मी नुसती उभी राहिले, बाकीचं सगळं त्यानेच केलं."

दुकान बंद होईपर्यंत दोघे हसत होते. निघताना एकमेकांचा नंबर मागावा असे दोघांच्याही मनात आले. पण ॲपचा नियम होता की आधी दोन्ही पक्षांनी अभिप्राय द्यावा, मग नंबर ॲपच देईल. आडनावेही तोवर झाकलेलीच. एक दात काढणारा, एक भूल देणारी. पायऱ्या गाळून काम करायची दोघांनाही सवय नव्हती. घरी जाऊन भरू, असे ठरवून ते आपापल्या वाटेने गेले.

अभिप्रायात प्रश्न एकच होता: भेटलेली व्यक्ती छायाचित्रातलीच होती का? दोघांनी प्रामाणिकपणे लिहिले, नाही.

सकाळी निकाल आला. "दोन्ही पक्षांनी परस्परांस ओळखले नसल्याचे दोन्ही पक्षांनी मान्य केले आहे. सबब, ओळख झालेली नाही." दोन्ही खाती बंद. सगळे निरोप पुसले गेले. बाळने मदत-क्रमांकावर फोन लावला. या वेळी फोटो काढायला मी जवळ नव्हते, पण वहिनी म्हणाली, पन्नाशीचा दिसत होता.

दोन आठवड्यांनी कानशिलांवर पांढरे केस असलेल्या एक बाई माझ्या स्टुडिओत आल्या. "फोटो काढायचाय. आहे तसा."

"कशासाठी?"

"बंद झालेलं खातं उघडायचंय. एका माणसाला शोधायचंय."

"दातांच्या डॉक्टरला ना?" मी म्हटले. "त्याला खातं कशाला हवं? या गल्लीच्या टोकाला दवाखाना आहे त्याचा."

त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. "पण आजी, हे नियमात बसेल का?"

"नाही बसणार," मी म्हटले. "म्हणून तर पटकन जा."

त्या गेल्या आणि रुग्णाच्या खुर्चीत बसून म्हणाल्या, "दात दुखत नाहीये."

पुढच्या वर्षी त्यांचे लग्न झाले. नोंदणी करणाऱ्या साहेबाने बाळला बाजूला व्हायला सांगून नवरदेवाला पुढे बोलावले, पण ते निभावले. अजून कुणी दोघांना आई-मुलगा म्हटले, की सूनबाई शांतपणे विचारतात, "भूल देऊ का?" बाळला दोन पांढरे केस आले आहेत आणि तो ते आल्यागेल्याला दाखवतो. वहिनी सांगते, सगळे तिच्या ओरडण्यामुळे जमले. दादा चष्मा परत मागता मागता गेला. माझा स्टुडिओ बंद झाला. तिथे आता फोनची कव्हरे मिळतात.

राहिला तो एक्केचाळीस वर्षांचा माणूस. त्याचे सर्वांत बरे चालले आहे. खाते बंद झाले तरी त्याचा चेहरा ॲपने ठेवून घेतला आणि अस्सलपणाचा नमुना म्हणून जाहिरातीत लावला. हजारो बायकांनी त्याच्यासमोर बदामाची खूण केली आहे. तुम्हीही केली असेल. पुरुष वाचकांनी आपला फोटो त्याच्यासारखा यावा म्हणून खटपट केली असेल.

आता फसवणूक झाली म्हणून तक्रार करायला निघाला असाल तर जरूर करा. फक्त त्याआधी तुमचा तिथला फोटो शेजाऱ्यांना दाखवा आणि विचारा, हे कोण? शेजारी निरखून बघतील आणि म्हणतील, "ओळखलं नाही बुवा. पण माणूस बरा दिसतोय. तुमच्या ओळखीचा आहे का?"