मुंबईच्या मंडईचं आवतण

लिलाधरने सकाळच्या चहाला बापासमोर विषय काढला. डिसेंबरात मुंबईला कॉमिक्सचा मोठा मेळावा भरतो, देशभरातून चाहते येतात, आणि यंदा आपल्यालाही जायचं आहे. सुखराम ओसरीवर बसून जाळं सांधत होता. सुतळीचं टोक त्याच्या दातात होतं आणि ते तिथेच राहिलं. कॉमिक्स म्हणजे काय, हे त्याला पोराच्या बारा वर्षांच्या वाचनातून कळलं नव्हतं, ते एका चहात कळणं कठीणच. म्हणून लिलाधरने सोपं करून सांगितलं.

"आपल्या मंडईसारखंच असते गा बाबा. दुकानं लागतेत, लोक सोंगं घेऊन येतेत, दुरून दुरून पावने येतेत."

हे एक वाक्य तो बोलला नसता, तर ही गोष्ट घडलीच नसती.

दिवाळी झाली की भंडाऱ्याकडे गावोगावी मंडई भरते. दिवसाउजेडी दंडार, म्हणजे सोंगांचा नाच, रंगतो, लेकी-जावई येतात, घरोघरी पाव्हण्यांची पंगत उठते. अड्याळजवळच्या या तलावकाठच्या गावात मंडईचे नियम सुखरामइतके कोणालाच पाठ नव्हते. तरुणपणी त्याने दंडारीत अकरा वर्षं सोंगं घेतली होती, आणि एकदा त्याचा राक्षस पाहून पाटलाचा बैल दोरी तोडून थेट पवनीपर्यंत पळाला, असं तो सांगे. पवनीच्या लोकांना हे माहीत नव्हतं, एवढंच.

मुंबईतही मंडई भरते म्हटल्यावर त्याने दातातली सुतळी काढली आणि विचारलं, "आवतन आलं का?"

लिलाधरने मोबाइल पुढे केला. त्यात खरोखर आवतण होतं, आणि त्यासाठीच पोराचा जीव टांगणीला लागला होता. लिलाधर अड्याळला दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आणि उरलेल्या वेळात स्वतःचं कॉमिक काढायचा. त्याची पाच पानं मेळाव्यातल्या एका संपादकांना आवडली होती. बाकीची पानं घेऊन या, पंधरा मिनिटं बसून बोलू, असं त्यांनी कळवलं होतं. त्या पंधरा मिनिटांसाठी तो चालतही मुंबईला गेला असता.

सुखरामने मोबाइल लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि परत दिला.

"यात माह्यं नाव कुठी हाये? आवतन घरधन्याले येते. बोलावल्याबिगर कोनाच्या मंडईत पाय ठेवाचा नाई, आपली रीत हाये ते."

लिलाधर तोंड पाडून त्याच्या दोस्ताकडे, मोनूकडे गेला. मोनूचं अड्याळला मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि अंगात उत्साह गरजेपेक्षा दोन किलो जास्त होता. तो म्हणाला, एवढंच ना, मी करतो फोन. घरधन्याला आवतण पाहिजे, देऊन टाकू. त्याने नवं कार्ड घातलं, नाकाला कपडे वाळवायचा चिमटा लावला आणि भुपेंद्रभाई मुंबईवाले या नावाने सुखरामला फोन लावला. चार वाक्यांत आवतण देऊन फोन ठेवायचा, असं ठरलं होतं. पण सुखराम इतक्या प्रेमाने बोलला की मोनूलाही भरून आलं. सुखराम म्हणाला, पोराला पाठवतो, पण रीतीप्रमाणे आधी आमची मंडई, मग तुमची. पुढल्या आठवड्यात आमच्याकडे आहे, रोहूचं जेवण करू. रोहूचं नाव ऐकून मोनूच्या चिमटा लावलेल्या नाकातूनही वास आत गेला असावा. तो म्हणाला, "जरूर येऊ."

"काहून बे?" लिलाधरने कपाळावर हात मारला. "कोन येनार हाये आता?"

"मले वाटलं, मीच चाललो जेवाले," मोनू म्हणाला.

सुखरामने संध्याकाळच्या आत गावभर सांगितलं. पाव्हणा आला आणि पोटभर जेवून गेला की लिलाधर मुंबईला जाणार. नाही आला तर कसली मंडई आणि कसली मुंबई. मंडई समितीचा अध्यक्ष कैलाश धावतच आला. शेजारच्या गावाने मागल्या वर्षी साकोलीहून पाहुणा आणला होता, आपल्याकडे तर थेट मुंबईचा. स्वागताची पाटी हवी होती, आणि पाटी रंगवणारा पंचक्रोशीत एकच. अशा तऱ्हेने आठ फूट लांब पाटीवर ‘मुंबई मंडईचे अध्यक्ष माननीय भुपेंद्रभाई यांचे हार्दिक स्वागत’ असं लिलाधरने स्वतःच्या हाताने रंगवलं. रंगवताना त्याचा हात असा थरथरत होता की ‘माननीय’वर पाणी हलल्याची नक्षी उमटली. कैलाशला ती फार आवडली.

आता भुपेंद्रभाई पैदा करणं भाग होतं. मोनूला आसपासच्या पाचही गावांत कुत्रीसुद्धा ओळखत होती. राहता राहिला मेळाव्यासाठी बनवलेला पोशाख. लिलाधरच्या कॉमिकचा नायक होता महाखवल्या: डोक्यापासून पायापर्यंत माशाच्या खवल्यांचं चिलखत घातलेला. शीतपेयाच्या बाटल्या कापून, चंदेरी रंग देऊन लिलाधरने नऊशे खवले शिवले होते. डोक्याला जुन्या हेल्मेटचा मुखवटा होता, फक्त हनुवटी तेवढी उघडी. पोशाख त्याच्याच मापाचा. मोनूची एक मांडीच त्यात कशीबशी शिरली.

मंडईच्या दिवशी दुपारी मोनूच्या मोटरसायकलवर मागे बसून महाखवल्या गावात शिरला. लिलाधर वरठी स्टेशनला तिकिटाचं बघायला गेल्याचं घरी सांगितलं होतं. उन्हात नऊशे खवले असे चमकले की तलावावरचे बगळे आठ दिवस परतले नाहीत. मोनूने जाहीर केलं, साहेब त्यांच्या मंडईचं सोंग घेऊन आले आहेत, सोंग उतरेपर्यंत ते मुखवटा काढत नाहीत आणि बोलत नाहीत. कोणाला शंका आलीच असेल, तर ती सुखरामनेच मिटवली.

"बराबर हाये. सोंग घेतल्यावर मानूस आपला नाई राहत. मी राक्षस होतो तवा तीन दिवस बायकोशी बोललो नोवतो."

"ते दिवस चांगले होते," त्याची बायको सखाबाई म्हणाली.

शाल झाली, नारळ झाला. कैलाशने पाऊण तास भाषण केलं. मुखवट्यात असं उकडत होतं की मूठभर तांदूळ टाकले असते तर भात झाला असता. मग दंडार सुरू झाली आणि पाव्हण्यालाही हात धरून मधे ओढलं. लिलाधर चार पावलं नाचला. नाचताना सत्तर-ऐंशी खवले गळाले, ते पोरींनी प्रसादासारखे वेचून नेले.

शेवटी पंगत. सुखरामने पाव्हण्याला ओसरीवर, आपल्या शेजारी बसवलं. मानाच्या पाव्हण्याला मानाचा वाटा म्हणून सखाबाईने ताटात रोहूचं डोकं वाढलं. न विचारता बाजूला ठेचलेला कांदा ठेवला आणि ती आत गेली.

लिलाधर सकाळपासून उपाशी होता. त्यात हे आईच्या हातचं. मुखवट्याखालून त्याची बोटं आपोआप चालू लागली. आधी गालाचं मांस, मग डोळ्यामागचं, मग जबडा उलटा वळवून आतला रस. पाच मिनिटांत ताटात पांढरी हाडं तेवढी उरली, धुऊन ठेवल्यासारखी. मोनूने त्याला दोनदा कोपर मारलं, पण माणूस पार माशात उतरला होता.

सुखराम सगळं पाहत शांत जेवत होता. मग तो हलक्या आवाजात बोलू लागला.

"भुपेंद्रभाऊ, पोरगं तुमच्या हवाली करून राहिलो. भोळं हाये. त्याच्या चित्राच्या वह्या मी पायल्या, तो पाट्या रंगवाले जाते तवा. मले वाचता येत नाई लय, पन त्यानं तलाव काहाडला ना, त्यातलं पानी मले हललं दिसलं. तीस वर्सं जाळं टाकून राहिलो, असं पानी मी कागदावर पायलं नाई. हे मी त्याले कधी बोललो नाई. तुमाले सांगून ठेवतो. तिकडं कोनी त्याले नाई म्हनलं, तं तुमी हे त्याले सांगजा."

महाखवल्याने मान हलवली. मुखवट्याच्या आत डोळ्यांना पाणी आलं होतं, पण हेल्मेटमुळे हात पोहोचेना. ते पाणी हनुवटीवरून थेट कांद्यावर पडलं. मोनू घाईने म्हणाला, "साहेबाले तिखट लागलं."

"मुंबईचे हायेत ना," सुखराम म्हणाला. "एक डोस्कं अजून वाढ वं."

डिसेंबरात सुखराम स्वतः वरठी स्टेशनवर पोचवायला आला. एका खांद्यावर खवल्यांचं पोतं, दुसऱ्या हातात चित्रांची पिशवी. पिशवीला त्याने वरून जाळ्याचा दुहेरी पदर शिवला होता, गाडीत कोणी ओढली तर सुटू नये म्हणून. गाडी आली. लिलाधर दारात उभा राहिला, आणि सुखरामने खिशातून कागदाची पुडी काढून त्याच्या हातात दिली. पुडीत गळालेले खवले होते. गावातल्या पोरींकडून त्याने एकेक गोळा केले होते.

लिलाधरने पुडीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं.

"बाबा, तुमाले कवापासून..."

"डोस्क्यापासून," सुखराम म्हणाला. "रोहूच्या. मुंबईचा मानूस काटे मोजत बसला असता. तसं डोस्कं या गावात दोघंच साफ करतेत, अन् दुसरा मी होतो."

"मंग ते चित्राचं जे बोलले..."

गाडीने शिटी दिली. सुखराम रुळांकडे पाहू लागला.

"तोंडावर बोलाले जमत नाई लेका मले. मुखवटा होता म्हनून जमलं."

गाडी हलली. सुखराम दोन पावलं सोबत चालला, मग थांबून ओरडला, "आता तू त्याइच्या मंडईत जेवशीन, तं ते जेवन आपल्याले फेडा लागन. त्या पंधरा मिनटवाल्या साहेबाले पुढच्या साली आपल्याकडं आवतन दे. माह्या नावानं दे."

"अन् नाई आले तं?"

"तं तू येजो भुपेंद्रभाई होऊन," सुखराम म्हणाला. "तुही माय आतापासून इचारून राहिली, पावना कवा येते म्हनून. मंडईच्या आधी सहा महिने म्हनते, तू असा पोटभर जेवला नोवता."