विंझरची गुपचूप चौकशी

"जुन्या कादंबऱ्यांत पैशासाठी बोहल्यावर चढलेली एक तरी नायिका सुखी झाली का?" भोरच्या वाचनालयात आनंदरावांनी टेबलावर हात आपटला. "लग्न करावं ते प्रेमासाठीच!" टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती त्यांची मुलगी चैत्राली. निवृत्त प्राध्यापक आनंदरावांना तो आपल्या वक्तृत्वाचा विजय वाटला.

घरी आल्यावर त्यांनी चप्पल काढायच्या आत ती म्हणाली, "बाबा, मला वरदशी लग्न करायचंय. स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. घर विंझरला, वडील सोनबा शेती करतात."

"किती?"

"काय किती?"

"शेती गं."

"बाबा, आत्ताच तुम्ही..."

"ते कादंबरीत! शेवटच्या पानानंतर नायक-नायिका काय खातात, हे लेखकाला कोणी विचारत नाही. बापाला विचारतात."

मुलाकडची चौकशी गुपचूप करायची असते. ओळख पटू नये म्हणून आनंदरावांनी गॉगल लावला, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि भाड्याची गाडी करून विंझरच्या चहाच्या टपरीपुढे उतरले. या वेशात इथं फक्त जमिनीचे एजंट येतात, हे साऱ्या वेल्हे तालुक्याला ठाऊक होतं. आनंदरावांनी ते कुठल्याच कादंबरीत वाचलं नव्हतं.

बाकावर एक टोपीवाले म्हातारे चहा घेत होते.

"सोनबांची जमीन कितपत आहे हो?" आनंदरावांनी विचारलं.

"का वो?"

"सहज."

म्हाताऱ्यांनी त्यांना खालून वर न्याहाळलं. एजंटही सहजच विचारतात. "हाय थोडी. पन समदा खडक. निस्त्या करवंदाच्या जाळ्या."

"रस्त्याला लागून?"

"रस्ता सपला की मंग चढ लागतो. त्यात भावाभावांत वाद. कोर्टात तारखा चालल्यात."

"वारस?"

"येकच पोरगं. मोबाईल नीट करतंय भोरला. दुकान बी भाड्याचंच."

आनंदराव आल्या पावली गाडीत बसले. म्हाताऱ्यांनीही टोपी नीट केली आणि घरची वाट धरली. ते स्वतः सोनबाच होते.

घरात ठाम नकार जाहीर झाला. चैत्रालीनं बापाशी बोलणं टाकलं. शेवटी आनंदरावांची समजूत काढायला वरद वडिलांना घेऊन भोरला आला, आणि उंबऱ्यातच सोनबा ओरडले, "आरं वरद, ह्ये तर त्या दिशीचे येजंट!"

आनंदरावांनी घाम पुसत खुलासा केला. सोनबा पोट धरून हसले. "असं व्हय! मला वाटलं, आलं कुनीतरी जमीन लाटायला. येजंट आला की आमच्या गावात समदे ह्येच सांगत्यात. खडक हाय, वाद हाय. मंग त्यो फिरून येत न्हाई."

आनंदरावांचा चेहरा उजळला. म्हणजे खडक ही थाप! वादही थापच! त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला आणि स्वयंपाकघराकडे बघून शिऱ्यात काजू टाकायला सांगितलं. एवढ्यावर न थांबता पुढच्याच व्याख्यानात त्यांनी जाहीर केलं, "मी नुसता बोलत नाही. माझ्या लेकीचं लग्न मी निव्वळ प्रेमापोटी लावून देतोय!" लोक उभे राहिले. चैत्रालीनं भर सभेत बाबांना मिठी मारली. साखरपुडाही झोकात झाला.

मग एके दिवशी आनंदराव व्याह्यांची जमीन बघायला विंझरला गेले. रस्ता संपला. चढ लागला. वर सगळा काळा कातळ, कडेनं करवंदं.

"ही झाली पडीक. चांगली कुठली?" आनंदरावांनी धापा टाकत विचारलं.

"हीच की!"

"पण एजंटांना तुम्ही थापा मारता ना?"

"बाकीचे मारत्यात. आमाला काय गरज? आमचं खरंच हाय. कोर्टाची तारीख तर परवाच हाय." सोनबांनी टोपी काढून हातात घेतली. "खरं सांगू का सर? तुमाला तर मी पयल्याच दिशी समदं सांगितलं व्हतं. तरी तुमी पोरगी दिली. येवढं मोठं मन म्या कुठं बघितलं न्हाई वो."

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. आनंदरावांना मटकन खाली बसावंसं वाटलं. बसायला कातळ भरपूर होता.