बत्तीस पुरचुंड्या आणि एक रजिस्टर

त्या सोमवारी कारकुनाने तोंड मिटून ठेवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण गप्प बसायला अक्कल लागते, आणि ती त्याने शाळेच्या कपाटात कुठल्या तरी फायलीत लावून ठेवली होती.

झालं असं, की शाळेतले खेळाचे सर पाठ धरून घरी पडले. (खेळताना नव्हे. खुर्चीतून उठताना.) आणि शनिवारी शाळेचे विश्वस्त येणार होते. त्यांचा शाळेमागच्या अंगणावर डोळा होता. तिथे त्यांना गाड्या लावायच्या होत्या. पहिलीची पोरं तिथे नुसती धूळ उडवतात, शिकत काही नाहीत, असं त्यांचं म्हणणं. शनिवारी पोरांनी काही शिकल्याचं दाखवलं तर अंगण पोरांचं. नाही तर सोमवारी तिथे पांढरे पट्टे मारायचे.

"खालून चेंडू टाकणं, निदान एवढं तरी दाखवू," मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, कपाळ चोळत म्हणाल्या. "पण शिकवणार कोण?"

"त्यात काय एवढं? मी शिकवतो," कारकून म्हणाला.

ऑफिसात सगळे त्याच्याकडे बघायला लागले. या माणसाला टेबलाखाली पडलेलं पेन उचलायलासुद्धा शिपाई लागायचा. पण त्याचीही एक जखम ताजी होती. त्याची सहा वर्षांची भिंगरी त्याच पहिलीत होती, आणि बाबा शाळेत काय काम करतात असं बाईंनी वर्गात विचारल्यावर तिने सरळ सांगितलं होतं, "बसतात."

संध्याकाळी त्याने घरी सराव सुरू केला. खेळाच्या सरांनी अंथरुणावरून एक कागद पाठवला होता. उजव्या हाताने टाकायचं तर डावा पाय पुढे. हात मागे न्यायचा, झोक्यासारखा पुढे आणायचा आणि कमरेपाशी आला की सोडून द्यायचं. कारकुनाने कागद भिंतीला चिकटवला, एका मोज्याचा गोळा केला, घसा खाकरला आणि समोरच्या बादलीत टाकला.

म्हणजे टाकायचा होता. हात कमरेपाशी आला, पोटापाशी आला, नाकापाशी आला, तेव्हा कुठे याने मोजा सोडला. मोजा गेला वर. पंख्याच्या पात्याने त्याला एक थप्पड मारली, आणि तो स्वयंपाकघराच्या दारातून आत गेला.

"अहो!" आतून बायको ओरडली. "चहात काय पडलं हे?"

"मोजा."

"कोणाचा?"

"माझाच. म्हणजे, कालचा."

बायकोने सगळा चहा मोरीत ओतला. ती दवाखान्यात नर्स होती, दिवसभर उभी राहून आली होती, आणि तो चहा तिने उरलासुरला जीव एकवटून केला होता.

खाटेवर त्याच्या सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जावईबापू, हात उशिरा सोडताय."

"आई, याला शास्त्र असतं. तुम्हाला नाही कळायचं."

"बरं बाबा," म्हणत सासूबाईंनी दुसरा मोजा उचलला आणि बसल्या जागेवरून हात नुसता हलवला. मोजा बादलीत. शेंगा सोलणं चालूच.

"नशीब," कारकून म्हणाला.

नशीब कसलं! सासूबाईंनी तीस वर्षं इमारतींवर मजुरी केली होती. खाली उभं राहायचं आणि वर फळीवर बसलेल्या गवंड्याला एकेक वीट टाकायची. पहिला मजला, दुसरा मजला, दिवसाला हजार विटा. आणि प्रत्येक वीट गवंड्याच्या हातात, कारण चुकली तर ती त्याच्या तोंडावर. पण ही गोष्ट कारकुनाने शाळेत कोणाला सांगितली नव्हती. कोणी विचारलंच तर तो म्हणायचा, "सासूबाई बांधकाम व्यवसायात होत्या." ऐकणाऱ्याला वाटायचं, चार-दोन बंगले असतील.

बायकोने दवाखान्यातून आल्यावर जुन्या चादरीच्या बत्तीस पिशव्या शिवल्या, त्यात वाळू भरली. मुठीत मावतील अशा बत्तीस पुरचुंड्या. पोरं बत्तीस, पुरचुंड्या बत्तीस. शहाण्या माणसाने पोरांच्या हातात एकेक दिली असती, समोर बादल्या मांडल्या असत्या आणि म्हटलं असतं, टाका. पोरं पहिल्याच तासाला पन्नास-पन्नास वेळा टाकून मोकळी झाली असती.

पण हा कारकून. याने रजिस्टर आणलं.

आवक-जावक रजिस्टर. हातातून सुटली की पुरचुंडी जावक, परत आली की आवक. अनुक्रमांक, विद्यार्थ्याचं नाव, कोणता पाय पुढे, कुठे पडली, शेरा. एकतीस पुरचुंड्या त्याने "शिल्लक साठा" म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवल्या आणि एक बाहेर काढली. पोरं लावली रांगेत.

"सर, टाकू?"

"थांब. नंबर किती तुझा?"

"सात. टाकू?"

"पाय कोणता पुढे आहे ते आधी लिहू दे. हा डावा ना? की उजवा? हलू नकोस!"

"सर, मला शू आली."

"जा. पण परत आलास की रांगेत शेवटी."

असे चार दिवस गेले. चार दिवसांत एकेक पोराच्या वाट्याला तीन तीन फेकी आल्या, आणि रजिस्टरची चौदा पानं सुवाच्य अक्षरात भरली. मोठ्या बाई खिडकीतून बघायच्या आणि म्हणायच्या, "किती शांत उभी राहतात हो पोरं!" कारकुनाला मूठभर मांस चढायचं. पोरं शांत नव्हती, कंटाळून गळाली होती.

"बाबा," भिंगरीने शुक्रवारी जेवताना विचारलं, "उद्यापण आम्ही नुसतं उभंच राहायचं का?"

"उद्या प्रात्यक्षिक आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहायचं," सासूबाई म्हणाल्या.

कारकून चपापला. "आई, तुम्ही नका हं येऊ उद्या. ऊन फार आहे."

"मला ऊन?" सासूबाई हसल्या. "अन् सावलीत कधी उभी होते मी?"

"ऊन नाही गं आई," बायको ताटावरून म्हणाली. "त्यांना लाज वाटते तुझी."

"तसं नाही! फक्त कोणी विचारलं तर बांधकाम व्यवसाय म्हणा, एवढंच."

"व्यवसाय कसला आलाय? मी विटा टाकल्या. पाट्या तुम्ही टाकता ऑफिसात."

शनिवारी बायकोची ड्यूटी होती. सासूबाई मात्र भिंगरीचं बोट धरून आल्या आणि शेवटच्या रांगेत बसल्या. पुढच्या खुर्चीवर विश्वस्त होते. त्यांच्यासमोर टेबल, टेबलावर चहाचा कप. चेहऱ्यावर असा भाव, की पट्टे कुठून कुठवर मारायचे ते मनात ठरलेलंच आहे.

कारकुनाने रजिस्टर उघडलं. "क्रमांक एक!"

"हजर!"

क्रमांक एकचा पाय तपासला, लिहिला, वाळूची पुरचुंडी हातात दिली. पोराने ती सगळा जीव लावून डोक्यावरून भिरकावली. ती कुंपणापलीकडे गेली, शिपाई धावत जाऊन घेऊन आला. क्रमांक दोनची त्याच्याच पायावर पडली. क्रमांक तीन रडायला लागला. दहा मिनिटांत पाच पोरं झाली.

"हे काय आहे?" विश्वस्तांनी विचारलं. "दवाखान्यात नंबर लावलाय का?"

मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. कारकुनाने रजिस्टर मिटलं. पण माणूस बुडायला लागला की हातपाय जास्तच झाडतो. तो म्हणाला, "मी स्वतः करून दाखवतो."

डावा पाय पुढे टाकला. हात मागे नेला. हात पुढे आला. कमर गेली, पोट गेलं, नाक गेलं. पुरचुंडी आभाळात गेली, पत्र्यावर दणकन आपटली, घरंगळत खाली आली आणि सरळ विश्वस्तांच्या चहात पडली.

चहा विश्वस्तांच्या पांढऱ्या शर्टावरून निवांत खाली चालला होता.

"हात उशिरा सोडला," शेवटच्या रांगेतून आवाज आला.

विश्वस्त उठले. "झालं ना बघून? सोमवारी रंगवाला पाठवतो."

"आजी!" भिंगरी रांग मोडून धावली. तिचे डोळे भरले होते. "तू दाखव ना! आमचं अंगण जाईल!"

सासूबाई उठल्या. कारकुनाने डोळ्यांनी "नको, नको" केलं. तिकडे कोण बघतो! त्यांनी बाह्या वर सारल्या आणि हात पुढे केला. "किल्ली."

"कसली?"

"कपाटाची, जावईबापू. एकतीस डांबून ठेवल्यात त्या आणा."

त्यांनी सोळा पोरं अंगणात एका रेषेवर उभी केली आणि सोळा पोरं समोर, पायरीच्या कठड्यावर बसवली. "हे वरचे गवंडी. भिंत बांधतायत. तुम्ही खालचे, विटा देणार. वीट डोक्यावरून मारलीत तर गवंड्याचं कपाळ फुटेल, मग भिंत कोण बांधेल? खालून द्यायची. त्याच्या हाताकडे बघायचं अन् आपला हात त्याच्या हातापर्यंत न्यायचा. फेकायची नाही रे, द्यायची. हां, चला!"

पहिल्या खेपेला निम्म्या पुरचुंड्या खाली पडल्या. तिसऱ्या खेपेला चार. मग पोरं रंगात आली. "ए गवंडी, झेल!" "ए, लवकर दे, माझी भिंत मागे पडली!" भिंगरीच्या हातातून पुरचुंडी अशी सुटायची की समोरच्या पोराच्या ओंजळीत अलगद बसायची. दहा मिनिटांत कठड्यावर पुरचुंड्यांची वाकडीतिकडी भिंत उभी राहिली आणि पोरांनी गलका करून शाळा डोक्यावर घेतली. डावा पाय पुढे कोणी टाकायला सांगितला नव्हता. तो आपला आपण पुढे येत होता.

विश्वस्त उभ्याचे परत बसले. "या कोण?"

"माझ्या सासूबाई," कारकून म्हणाला. "बांधकाम व्य..."

"मजूर होते मी," सासूबाई म्हणाल्या. "ही मागची भिंत दिसतेय ना, तिच्या विटा मीच दिल्यात वर. माझी पोर तेव्हा दोन वर्षांची होती, याच अंगणात गोणपाटावर झोपायची. तेव्हा विश्वस्त तुमचे वडील होते. रोज येऊन आम्हाला म्हणायचे, हिला उचला इथून, गाडी कुठे लावू?"

विश्वस्तांनी शर्टावरचा चहा पुसला, तो पुसला जाईना, तरी बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "गाडी... बाहेर लावली तरी चालेल."

मोठ्या बाई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी ते वाक्य तिथल्या तिथे कागदावर उतरवून सही घेतली. आणि खेळाचे सर बरे होईपर्यंत पहिलीचा खेळाचा तास सासूबाईंना दिला. तसं पत्र कारकुनानेच टाइप केलं. हुद्द्याच्या जागी "बांधकाम" एवढंच लिहून त्याची बोटं थांबली, तेव्हा मोठ्या बाई मागून म्हणाल्या, "पुढे मजूर लिहा. आणि शुद्ध लिहा." जावक क्रमांक एक.

सोमवारी अंगणात तास सुरू झाला. कारकून पुरचुंड्या गोळा करायला गेला, तशी सासूबाईंनी हाक मारली. "जावईबापू, तुम्हीही शिकून घ्या. घरी चहा वाचेल."

"हो, आई." तो पुढे झाला.

"अंहं! रांगेत!" बत्तीस पोरं एकदम ओरडली. रांग कोणी शिकवली होती त्यांना?

कारकून मुकाट्याने शेवटी जाऊन उभा राहिला. क्रमांक तेहेतीस. त्या दिवशी पोरांनी मुद्दाम एकेकाने टाकायचं ठरवलं होतं. रांगेच्या तोंडाशी भिंगरी बसली होती, मांडीवर रजिस्टर उघडून मोठ्या मोठ्या अक्षरात लिहीत होती. अखेर त्याचा नंबर आला. पुरचुंडी हातात घेतली. डावा पाय पुढे. हात मागे.

"हलू नका बाबा," भिंगरी म्हणाली. "पाय लिहायचाय."

तिचा 'डावा' लिहून होईपर्यंत घंटा झाली.